सोसणें आणि सांगणें

वयांत आलेल्या मुलीच्या हातीं कोणती कादंबरी द्यावी, हा प्रश्न आपल्या सुशिक्षित घरांतून पूर्वीं ज्या काळजीनें विचारला जाई, त्या काळजीनें तो आतां विचारला जात नाहीं. पूर्वींची काळजी बहुतांशीं भीतीची होती. कादंबरी वाचून मुलगी बिघडेल, हें त्या भीतीचें स्वरूप. आतांच्या बेफिकिरीचें कारण निराळें आहे. मुलगी कादंबरी वाचीतच नाहीं. मग बिघडण्याचा किंवा सुधारण्याचा प्रश्न उरला कोठें? तरीही दरवर्षीं, मुलीची बारावीची परीक्षा आटोपली म्हणजे, कोणी ना कोणी परिचित गृहस्थ किंवा गृहिणी ‘हिला कांहीं चांगलें वाचायला सुचवा’ म्हणून विचारतातच. आणि विचारतांना एक पुस्ती जोडतात : ‘कष्टांतून वर आलेल्या एखाद्या मुलीची गोष्ट असली तर बरें, म्हणजे आपल्याला सर्व आयतें मिळतें आहे, हें हिला कळेल.’

ही पुस्ती मला नेहमीं खटकते. दुःखाची गोष्ट हा एक कडू काढा असून तो अनशापोटीं घेतला कीं मुलगी शहाणी होते, असें तिच्यांत गृहीत धरलेलें असतें. आणि शहाणी होणें म्हणजे तरी काय? तर निमूटपणें सोसावयास शिकणें! वास्तविक सोसणें आणि मोठें होणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. आडाच्या कांठाला दोर घासून घासून खांच पडते, म्हणून तो दगड शहाणा झाला असें कोणी म्हणत नाहीं. आपल्या पुष्कळ कादंबऱ्यांतील नायिका अशा दगडासारख्या आहेत. त्यांच्या अंगावरच्या खांचा पाहून वाचकाच्या डोळ्यांना पाणी येतें. पण ती मुलगी मात्र पहिल्या पानावर होती तितकीच भाबडी शेवटच्या पानावर राहिलेली असते.

म्हणून असल्या कादंबरीची पारख करतांना मी एक साधें माप लावतों. आपल्यावर काय गुदरलें, तें कोणीं आणि कशासाठीं गुदरविलें, आणि त्यांत आपण स्वतः काय केलें, हें त्या मुलीला शेवटीं स्वतःच्या तोंडानें सांगतां येतें काय? लेखकानें तिच्या वतीनें व्याख्यान दिलेलें येथें चालणार नाहीं. या मापानें कांहीं सुंदर कादंबऱ्या उण्या ठरतात आणि कांहीं ओबडधोबड कादंबऱ्या पुऱ्या उतरतात. त्याला माझा इलाज नाहीं.

हें माप मला टीकाग्रंथांत सांपडलेलें नाहीं. तें या भागांतल्या बायकांचें आहे. सिद्धेश्वर हें आमचें गांव हिंगोली जिल्ह्यांत पूर्णेच्या आश्रयानें वसलेलें. नदीवर वरच्या अंगास येलदरीचें धरण आणि खालच्या अंगास आमचें. एका बाजूला औंढ्याचा नागनाथ, थोड्या अंतरावर नामदेवांची नरसी, आणि आणखी खालीं गोदावरीच्या तीरावर जनाबाईचें गंगाखेड. आईबापांस दुरावलेली, दुसऱ्याच्या घरीं दळणकांडण करून वाढलेली ही पोर; कष्टांतून मोठ्या होणाऱ्या मुलीची कथा याहून निराळी ती कोणती? परंतु जनी आज आपल्या स्मरणांत आहे, ती तिनें किती पायल्या दळल्या म्हणून नव्हे. प्रत्यक्ष विठ्ठलाशीं ती भांडली, त्याला जाब विचारला, त्याला आपल्या कामाला लावलें, आणि हें सारें तिनें स्वतः सांगितलें, म्हणून ती आहे. जात्यावर बसलें कीं ओवी सुचते, असें आपण थट्टेनें म्हणतों. पण खुंटा फिरवितां फिरवितां सासूचें, भावाचें, माहेरच्या वाटेचें नांव घेणारी बाई आपलें आयुष्य जुळवून पाहत होती, हें त्या थट्टेंत विसरलें जातें.

या प्रश्नाची निकड आमच्याकडे कांहीं जुनी झालेली नाहीं. हिंगोली–वसमतचा हा पट्टा हळदीचा. हळद काढण्याशिजविण्याचा हंगाम आणि मुलींच्या वार्षिक परीक्षा एकाच सुमारास येतात. आणि परीक्षा होऊन उन्हाळा लागला कीं कांहीं मुलींच्या अंगालाच हळद लागते. १९७८ च्या दुरुस्तीनें मुलीच्या विवाहाचें वय अठरा ठरलें आणि २००६ सालीं बालविवाहाविरुद्ध नवा, अधिक कडक कायदा झाला, तरी मराठवाड्यांतलीं अल्पवयीन मुलींचीं लग्नें थांबलेलीं नाहींत. अशा मुलीला कोणती गोष्ट द्यावयाची, हें ठरवितांना ‘हिला सोसायला शिकवा’ हें धोरण ठेवणें म्हणजे चालत्या गाड्याला मागून धक्का देणें होय.

आपल्या कादंबरीचा आरंभच मुळीं एका दुःखी तरुणीच्या नांवानें झालेला आहे. बाबा पदमनजींचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचें. त्यांतील यमुना पतीबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांचे हाल पाहते, ऐकते. पुस्तकाची कळकळ खरी आहे. पण ग्रंथकर्त्याला आपला धर्मोपदेश पोंचविण्याची घाई इतकी, कीं यमुनेला श्वास घ्यावयास फुरसत मिळत नाहीं. इतिहास म्हणून तें वाचावें. मुलीला देण्याचें पहिलें पुस्तक त्यानंतर तेहतीस वर्षांनीं निघूं लागलें.

‘करमणूक’ पत्र हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं सुरू केलें, आणि ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही यमूची आत्मकथा त्यांत क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली. पुढच्याच वर्षीं संमतिवयाचा कायदा होऊन दहाचें वय बारा झालें. एवढ्या दोन वर्षांच्या वाढीसाठीं पुण्यांत सभा उधळल्या गेल्या. बाहेर असें रण माजलें असतां हरिभाऊ आपल्या वाचकांना काय सांगत होते? तर दादा आणि यमू या बहीणभावांचीं भांडणें, रुसवेफुगवे, वडिलांची पावलें वाजतांच घरांत पसरणारी शांतता, आणि आईचें न बोलतां सर्वांना सांवरून घेणें! ‘आरंभींचा भाग फार लांबला आहे, तो चाळून पुढें जावें,’ असा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो मुळींच मान्य नाहीं. या कादंबरीचा प्राण त्याच भागांत आहे. मुलगी घर कसें वाचावयास शिकते, कोणत्या वेळीं कोणाशीं काय बोलूं नये हें तिला कोणी न सांगतां कसें कळूं लागतें, तें येथें इतक्या बारकाईनें आलें आहे, कीं पुढच्या आपत्ति त्याच्या तुलनेनें सोप्या वाटाव्यात. भीति ही एकदम येत नाहीं. ती ताटावाटींत, हाकेच्या सुरांत रोज थोडी थोडी वाढली जाते, हें हरिभाऊंनीं ओळखलें होतें.

पुढें आईचा मृत्यु, वडिलांचा दुसरा विवाह, यमूचें सासर, तेथले शंकरमामंजी, मैत्रीण दुर्गीची तिच्या नवऱ्याच्या हातून झालेली दैना, आणि मग रघुनाथरावांबरोबरचे मुंबईचे थोडेसे सुखाचे दिवस. या मुंबईच्या भागावर कृत्रिमतेचा आरोप होतो, आणि तो अगदींच निराधार नाहीं. तेथें मंडळी जमते, चर्चा होतात, आणि मधून मधून यमूच्या तोंडून ‘करमणुकी’चे संपादक बोलूं लागतात. तरी त्या दिवसांचें एक काम आहे. ज्या मुलीनें मोकळेपणा कधीं चाखलाच नाहीं, तिला आपल्यापासून काय हिरावलें गेलें हेंही कळत नाहीं. यमूला तें कळतें. वैधव्यानंतर तिच्या इच्छेविरुद्ध तिचें केशवपन केलें जातें, तेव्हां तिचें दुःख हें केवळ अज्ञान जिवाचें तळमळणें राहिलेलें नसतें. आपल्यावर अन्याय होत आहे, आणि अमक्या अमक्या माणसांकडून होत आहे, हें ती जाणते. दुर्गीची हकीकत सांगतांना तर ती स्वतःच्या हकीकतीपेक्षांही अधिक संतापानें बोलते, असें मला वाटत आलें आहे.

ही कादंबरी कांहीं वर्षांपूर्वीं मीं येथल्याच एका अकरावींतल्या मुलीला वाचावयास दिली होती. महिन्याभरानें तिनें ती परत आणली. ती केशवपनाविषयीं बोलेल, रडूं आलें म्हणून सांगेल, अशी माझी अपेक्षा. तिनें विचारलें तें भलतेंच : ‘काका, ही यमू लिहिते तरी कधीं? सगळे निजल्यावर? आणि वही ठेवते कुठं?’ या कादंबरीवरची पुष्कळ टीका मीं वाचली आहे, पण इतका नेमका प्रश्न क्वचितच पाहिला. आपण सारे यमूला काय काय सोसावें लागलें, याचीच गणती करीत बसतों; तिनें एक सबंध पुस्तक लिहिलें, ही गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर असून दिसत नाहीं. ज्या घरांत तिला वर मान करून बोलण्याची सोय नव्हती, त्या घराचा प्रत्येक कोपरा तिनें कागदावर आणला. यमू मरते, हें खरें. पण ती न बोलतां मरत नाहीं. पुस्तकाच्या नांवांत जी तक्रार आहे, ती ऐकणाऱ्यांविरुद्धची आहे. सांगणारीनें आपलें काम केलेलें आहे.

कोणी म्हणेल, हरिभाऊंनीं तिला मारलें कां? १८९३ च्या मार्च महिन्यांत, ही कथा वाचकांच्या डोळ्यांसमोर ताजी असतांना, गोदूबाई नांवाच्या एका बालविधवेनें धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत ती शिकली होती. म्हणजे यमूला दुसरी वाट नव्हतीच असें नव्हे. तथापि यमूला त्या वाटेनें नेलें असतें तर ती एका चळवळीची जाहिरात झाली असती. हरिभाऊंनीं तो मोह टाळला, हें मला योग्यच वाटतें. मात्र ज्या घरांत यमू दिली जाईल, त्या घरांत आनंदीबाई कर्वे झालेल्या त्या गोदूबाईंचें ‘माझे पुराण’ही ठेवावें. तें १९४४ सालीं प्रसिद्ध झालें. एकीकडे कल्पित मुलगी मेली, दुसरीकडे खरी मुलगी म्हातारी होऊन मोठ्या खटयाळपणें आपली गोष्ट सांगत बसली आहे. दोहोंच्या मध्यें जें अंतर आहे, त्यावर वाचणारीनें स्वतः विचार करावा.

येथें इंग्रजी वाङ्मयांतल्या जेन एअरची आठवण होते. शार्लट ब्राँटीची ती कादंबरी १८४७ सालची. म्हणजे यमूच्या आधीं त्रेचाळीस वर्षांची. जेनही पोरकी, तीही नातलगांच्या घरीं अपमान गिळून वाढलेली. पण तिच्याजवळ एक गोष्ट आहे, जी यमूजवळ नाहीं : पगार. शिकवणीचें काम मिळविण्यासाठीं ती स्वतः वर्तमानपत्रांत जाहिरात देते. रॉचेस्टरची बायको जिवंत आहे असें कळतांच त्याचें घर सोडून जाते, आणि पुढें एका खेड्यांतल्या शाळेंत मुलींना शिकवून पोट भरते. दार उघडून बाहेर पडतां येणें हें धैर्यावर जितकें, तितकेंच बाहेर गेल्यावर कोणी मजुरी देईल काय यावरही अवलंबून असतें. आपल्याकडे ही मजुरी कादंबरींत यावयास आणखी चाळीस वर्षें लागलीं. आणि ती आली तेव्हां तिनें नवीनच पेंच उभे केले.

दरम्यान वामन मल्हार जोशी झाले. त्यांच्या नायिका सोसण्यापेक्षां वाद अधिक घालतात, म्हणून कांहींना त्या रुक्ष वाटतात. ‘रागिणी’ मध्यें ग्रंथाला नांव रागिणीचें मिळालें, पण वाचकांच्या मनांत घर केलें तें उत्तरेनें. कारण एक सोसते आणि दुसरी विचारते. ‘सुशीलेचा देव’ (१९३०) ही मात्र आमच्या विषयाची खरी कादंबरी. देव्हाऱ्यांतल्या देवापासून सुशीलेची देवाची कल्पना अनुभवागणिक बदलत जाते, आणि त्या बदलांतच तिचें मोठें होणें आहे. एखाद्या मुलीची श्रद्धा कशी वाढते, मोडते आणि पुन्हां निराळी बांधली जाते, याकडे इतक्या आदरानें पाहणारा दुसरा ग्रंथकार मला ठाऊक नाहीं. कथानक मात्र क्षीण आहे. तत्त्वचर्चेचा कंटाळा असणाऱ्या मुलीला हें पुस्तक देऊन तिचा छळ करूं नये.

त्याच १९३० सालचें श्रीधर व्यंकटेश केतकरांचें ‘ब्राह्मणकन्या’ हें माझें विशेष आवडतें पुस्तक आहे, आणि तें कोणाला सुचविलें कीं कपाळाला आठ्या पडतात. ज्ञानकोशकारांनीं कादंबऱ्या लिहाव्यात हेंच कांहींना विचित्र वाटतें. त्यांची भाषा खडबडीत आहे. पात्रें बोलावयास लागलीं कीं समाजशास्त्राचा तास सुरू होतो. निवेदनांत डौल असा नाहींच. अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत जातिसंस्थेचा इतिहास अभ्यासून आलेला हा पंडित. त्याला कादंबरी हें आपल्या सिद्धांतांची प्रयोगशाळा वाटे. पण या साऱ्या अडगळींतून कालिंदी डग्गे नांवाची जी मुलगी उभी राहते, तिच्या तोडीची मुलगी त्या काळांतल्या गोड गोड कादंबऱ्यांत दिसत नाहीं. आईच्या जन्माविषयींच्या कलंकामुळें तिला ब्राह्मणसमाजांत स्थान नाहीं. रडत बसण्याऐवजीं ती शिवशरणप्पा या लिंगायत व्यापाऱ्याबरोबर, विवाहावांचून, राहावयास जाते. तेथें तिला मूल होतें. तो संसार टिकत नाहीं. ती मुलासह बाहेर पडते. आणि पुढें कामगारांच्या चळवळींतील रामरावाशीं तिचा विवाह होतो.

कालिंदी चुकली काय? केतकर या प्रश्नाचें उत्तर देण्याची घाई करीत नाहींत, आणि हाच त्यांचा मोठेपणा. त्या काळच्या कादंबरींत चुकलेल्या मुलीसाठीं दोनच सोयी होत्या, विहीर किंवा पश्चात्ताप. केतकरांनीं तिसरी सोय केली : चुकल्यावरही दुसरा दिवस उजाडतो, मुलाला दूध पाजावें लागतें, भाडें द्यावें लागतें, आणि माणूस त्यांतून अधिक जाणतें होऊं शकतें. मुलाला चुकण्याची मुभा आपण फार पूर्वीपासून देत आलों आहों. ‘पोरगा आहे, शिकेल’ असें म्हणतों. मुलीला ती मुभा देणारी मराठी कादंबरी म्हणून ‘ब्राह्मणकन्या’चें महत्त्व मला वाटतें. आठ्या घालणाऱ्या वडीलमंडळींनीं ती आधीं स्वतः वाचावी.

पगाराचा उल्लेख वर आला आहे. शिकलेली, मिळवती मुलगी आपल्या कथावाङ्मयांत खऱ्या अर्थानें आली ती विभावरी शिरूरकर या नांवानें. ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) ह्या गोष्टी आहेत, कादंबरी नव्हे. तरी त्यांना वगळून पुढें जातां येत नाहीं. मुलीच्या कमाईवर घर चालूं लागल्यावर बापाला तिच्या लग्नाची निकड वाटेनाशी होते, हें सत्य त्यांत एका कथेनें असें मांडलें कीं पुष्कळ घरांतले बाप अस्वस्थ झाले. जेनला पगारानें मोकळें केलें. येथें पगारच नवी बेडी झाला. टोपणनांवामागील लेखिका म्हणजे मालतीबाई बेडेकर, हें पुढें सर्वांस कळलें. पण तें टोपणनांव घ्यावें लागलें, यांतच काळाची साक्ष आहे. ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) मधील अचला पतीपासून दुरावलेली. तिला घटस्फोट घेतां येत नाहीं, कारण तसा कायदाच नाहीं. मुंबई इलाख्यांत तो १९४७ सालीं आणि देशभर हिंदूंसाठीं १९५५ सालीं झाला. अशा स्थितींत दुसऱ्या पुरुषावर जडलेलें आपलें प्रेम आणि मातृत्वाची ओढ यांचा निर्णय ती करते, आणि त्याची जबाबदारी दुसऱ्या कोणावर ढकलीत नाहीं. पुस्तक भावविवश आहे, कोठें कोठें फार. पण अचला ‘मीं हें केलें’ असें म्हणूं शकते. आमच्या मापानें ती पुरी उतरते.

आतां एका उण्या ठरणाऱ्या पुस्तकाविषयीं, कारण तें फार लोकांना प्रिय आहे आणि मलाही आहे. गो. नी. दांडेकरांची ‘शितू’. कोंकणांतली खाडी, माड, खोतांचें घर, आणि त्या घरीं आश्रयाला आलेली, लहानपणींच वैधव्य आलेली, अपशकुनी म्हणून हिणविली गेलेली पोर. तिचें विसूवरचें प्रेम दांडेकरांनीं इतक्या कोंवळ्या हातानें रंगविलें आहे, कीं पुस्तक मिटल्यावरही खाडीचें पाणी कानांत वाजत राहतें. पण शितू मोठी होते काय? ती फुलते, कोमेजते, पाण्याला मिळते. जणूं ती त्या निसर्गाचाच एक भाग. आपल्याला अपशकुनी कोणीं ठरविलें आणि कां, हा प्रश्न तिच्या ओठांवर येत नाहीं. लेखकाच्या करुणेनें तो आधींच गिळून टाकलेला असतो. सोळा वर्षांच्या मुलीला हें पुस्तक जरूर द्यावें, त्याच्या मराठीसाठीं द्यावें. फक्त एकटें देऊं नये.

त्याच्या शेजारीं राजन गवस यांचें ‘चौंडकं’ (१९८५) ठेवून पाहिलें कीं फरक लक्षांत येतो. दक्षिण महाराष्ट्राच्या सीमेवरची सुली ही यल्लम्मेला सोडलेली मुलगी. निर्णय देवीच्या नांवानें होतो. तो घेणारीं माणसें मात्र घरचीं आणि गांवचींच असतात. येथेंही मुलगी असहाय आहे. परंतु लेखक तिच्या असहायतेला सुंदर करीत नाहीं. त्या भागाची बोली, तिच्यांतल्या शिव्या, थट्टा, नवससायास यांतून कोणत्या हातांनीं ही गोष्ट घडविली, हें वाचकाला एकेक करून दाखविलें जातें. वाचणाऱ्या मुलीला प्रश्न पडतो, आणि तो सुलीचा अर्धवट राहिलेला प्रश्न असतो. पुस्तक कठोर आहे. अठरा वर्षें पुरीं होण्याची वाट पाहिली तरी चालेल.

पुणें, मुंबई, कोंकण, कोल्हापूर झालें. आमच्या मराठवाड्याचें काय? १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, मराठी ग्रंथालयें मोजकीं. त्या अडचणींत परभणीच्या बी. रघुनाथांनीं कथाकादंबऱ्या लिहिल्या, हेंच मोठें. पुढें रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ (१९७१) मध्यें एका शिंप्याच्या बायकोनें आपल्या संसाराची वाताहत थेट आमच्या बोलींत सांगितली, आणि या भागांतल्या बाईला कादंबरींत प्रथमच निवेदनाचा मान मिळाला, असें म्हणावेंसें वाटतें. परंतु ती संसारी स्त्रीची कथा. हळदीच्या वाफ्यांतून शाळेंत आणि शाळेंतून पुन्हां हळदीकडे जाणाऱ्या मुलीची यमूच्या तोलाची कादंबरी माझ्या वाचनांत आलेली नाहीं.

ती उणीव सध्यां तरी कादंबरीबाहेर भरून काढावी लागते. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ (१९३४ पासून भागशः प्रसिद्ध) सर्वांना ठाऊक आहेत. सासऱ्यांचा जाच, नवऱ्याचा लहरी स्वभाव, त्याच्या धर्मांतरानंतरचा एकटेपणा, हें सारें ही बाई असें सांगते कीं वाचतांना हसूं आवरत नाहीं. आणि हसूं ओसरल्यावर छातींत कांहीं तरी राहतें. शांताबाई कांबळे यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६) त्या मानानें कमी घरांतून दिसते. नाजा नांवाची महार समाजांतली मुलगी वर्गाबाहेर बसून शिकते आणि पुढें स्वतः शिक्षिका होते. बेबी कांबळे यांचें ‘जिणं आमुचं’ त्याच वर्षीं पुस्तकरूपानें आलें. ‘स्त्री’ मासिकांतून तें त्याआधींच वाचकांसमोर होतें. आपल्यावर काय गुदरलें आणि कोणीं गुदरविलें, हें सांगण्यांत या दोघी यमूच्याही पुढें जातात. कारण त्यांच्या गोष्टींत अन्याय करणारीं माणसें कधीं यमूच्याच घरांतलीं असतात. मध्यमवर्गीय घरांत हीं पुस्तकें यमूबरोबरच एका फळीवर असावींत, असें मला वाटतें, तें यासाठींच.

बंगालींतल्या एका कादंबरीचें नांव घेतल्यावांचून राहवत नाहीं. आशापूर्णा देवींची ‘प्रथम प्रतिश्रुति’ (१९६४) हिंदींतून वाचतां येते; तिच्या लेखिकेला पुढें १९७६ सालचें ज्ञानपीठ पारितोषिक मिळालें. सत्यवती ही तिची नायिका लहानपणापासून प्रश्न विचारणारी, बापाला निरुत्तर करणारी. आयुष्यभर ती घर सांभाळून घराशीं लढते. शेवटीं तिच्या माघारीं तिच्या अजाण मुलीचें, सुवर्णेचें, लग्न उरकून टाकलें जातें. तें कळतांच सत्यवती संसार सोडून चालती होते. रागाच्या भरांत नव्हे. हिशेब पुरा करून निघाल्यासारखी. जेन तरुणपणीं बाहेर पडली, सत्यवती संसार करून झाल्यावर. लेकीचें लग्न ठरविण्याच्या बेतांत असलेल्या आईनें हें पुस्तक लेकीच्या आधीं वाचावें, अशी माझी विनंती आहे.

क्रमाविषयीं विचाराल तर प्रथम ‘स्मृतिचित्रें’ घरांत मोठ्यानें वाचावींत. आजीपासून धाकट्या मुलापर्यंत सर्वांना तीं पुरतात. मग यमू. तिच्यामागून नाजा, आणि मग कालिंदी. ‘पण लक्षांत कोण घेतो!’ घेतांना मात्र संपूर्ण प्रत घ्यावी. कोणी संक्षेप करून दिलेली असली तर ती परत करावी. कारण कात्री चालविणारा सर्वांत आधीं दादा आणि यमू यांचीं भांडणेंच कापील.